सायंकाळची वीज आणि गुड्यावरची जमीन

(नागपूर येथे पाठीराख्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाच्या मुलांचे निकाल सांगते, दवाखान्यात किती आजारी आले ते सांगते, तुम्ही पाठवलेल्या चादरी आणि वह्या कुठल्या गावात पोहोचल्या ते सांगते. तो सगळा हिशेब छापून तुमच्या हातात दिला आहे. तो घरी वाचा. आज मला विजेबद्दल बोलायचे आहे.

त्याला एक कारण झाले. मागच्या मेळाव्यात चहाच्या वेळी एका वडीलधाऱ्या सभासदाने मला बाजूला बोलावून विचारले, "बाई, तुमची संस्था वीज केंद्रांच्या विरोधात आहे का? माझी सारी नोकरी बॉयलरवर गेली. आमच्या घरचे दोघे आजही तिथेच आहेत." प्रश्न रागाने विचारला नव्हता, पण मनाला लागला. आपल्या मंडळीत कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे नोकरी केलेली, करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या पगारातल्या दशांशावर आमची वसतिगृहे चालली आहेत. तेव्हा त्यांना उभे उत्तर दिले पाहिजे.

आधी एक गोष्ट सरळ सांगते. वीज नको, असे आजवर एकही आदिवासी मला म्हणालेला नाही. जिवती तालुक्यात माणिकगडच्या डोंगरावर आमचे काम आहे. तिथल्या एखाद्या कोलाम गुड्यावर रात्री उभे राहिलात तर खाली गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांचे दिवे जत्रेसारखे दिसतात. गुड्यावर खांब आहेत, तारा आहेत, घराला मीटर आहे. पण डीपी जळाली की पंधरा-पंधरा दिवस अंधार. एक म्हातारी मला म्हणाली होती, "माय, खालचे लाइट कधीच कसे जात नाहीत हो?" विजेबद्दल तिची तक्रार एवढीच आहे, की ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आता आपल्या शहराकडे या. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. कूलरशिवाय लहान मूल आणि म्हातारे माणूस यांचे काय होते ते मला सांगायला नको. मीही कूलर लावते. साधा घरगुती कूलर पाच तास चालला की साधारण एक युनिट वीज लागते. रात्रभराची झाली दोन युनिटे. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट बनवायला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे एका रात्रीच्या झोपेसाठी किलोभराहून जास्त कोळसा, आणि आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. पेलाभर राख रोज सकाळी आपल्या दारात कोणी आणून ओतली असती, तर हा विषय समजावून सांगावा लागला नसता. ती राख दुसऱ्याच्या दारात पडते. २०२२ च्या जुलैत कोराडीजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचा चिखल शेतांतून वाहत नदीत गेला आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्यालाही फटका बसला. तेवढ्यापुरती ती राख आपण पाहिली.

मग नवी केंद्रे का हवीत? याचे सरकारी उत्तर 'कमाल मागणी' या दोन शब्दांत आहे. ते नीट समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. देशात एकाच वेळी सर्वांनी मिळून जास्तीत जास्त किती वीज ओढली तो आकडा म्हणजे कमाल मागणी. ३० मे २०२४ या दिवशी देशाने अडीच लाख मेगावॅटचा उच्चांक गाठला. महाराष्ट्राची एकट्याची मागणी उन्हाळ्यात तीस हजार मेगावॅटच्या घरात जाते. केंद्र सरकारच्या वीज आराखड्यात २०३१-३२ साली देशाची कमाल मागणी तीन लाख सहासष्ट हजार मेगावॅट होईल असा अंदाज आहे, आणि त्यासाठी तोवर किमान ऐंशी हजार मेगावॅट कोळशावरची क्षमता वाढवायची असे धोरण ठरले. कोराडीला ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचे ठरले ते यातच. त्याची जनसुनावणी २९ मे २०२३ रोजी कोराडीला झाली. तुमच्यातले काही जण तिथे गेलेही होते.

पण ही मागणी बारा महिने चोवीस तास वर टेकलेली नसते. ती ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक वेळीच वर जाते. भर दुपारचा ताण आता सूर्यच बराचसा उचलतो. २०२५ च्या जानेवारीत देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर होते. घरी आलेली माणसे दिवे लावतात, कूलर लावतात, मोटर लावून टाकी भरतात, इस्त्री करतात. आणि त्याच वेळी सौर वीज शून्यावर येते.

यावर कोळशाचा संच हे उत्तर कसे आहे, हे मी बॉयलरवर नोकरी केलेल्या आपल्याच बांधवांकडून समजून घेतले. चुलीसारखे ते नसते, की सात वाजता पेटवली आणि अकराला विझवली. थंड पडलेला संच परत चालू करून पूर्ण भाराला आणायला कित्येक तास जातात. म्हणून तो दुपारीही चालू ठेवावा लागतो, आणि निम्म्याच्या थोडे वर, म्हणजे पंचावन्न टक्क्यांच्या खाली नेता यावा अशी सोय बहुतेक संचांत नाही. संध्याकाळच्या चार तासांसाठी उभारलेला संच वीस तास जास्तीचा जळतो. आणि एकदा बांधला की तीस-चाळीस वर्षे चालवावा लागतो, कारण कर्ज फेडायचे असते. शिवाय त्याला पाणी लागते, तेही उन्हाळ्यात, जेव्हा धरणे तळाला गेलेली असतात. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले, हे चंद्रपूरकर विसरलेले नाहीत.

आणि कोळसा कुठून येतो? आपल्याला वाटते, वणीहून, बल्लारपूरहून, उमरेडहून. बराचसा येतोही. पण आपल्या राज्याच्या महानिर्मिती कंपनीला छत्तीसगडमध्ये रायगड जिल्ह्यातल्या तमनार तालुक्यात 'गारे पेलमा सेक्टर दोन' ही खाण मिळाली आहे. इथून पाचशेहून अधिक किलोमीटर, हावडा लाइनवर. तो कोळसा कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच, चंद्रपूरचे ५०० चे दोन आणि परळीचा एक, यांच्यासाठी आहे. खाणीच्या क्षेत्रात चौदा गावे येतात, आणि तिथल्या लोकांत आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. २०१९ मध्ये जनसुनावणी झाली. ती नीट झाली नाही, हे कारण इतर कारणांसोबत देऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजुरी पुन्हा मिळाली. आणि २०२५ च्या जूनअखेर मुडागावच्या जंगलात पोलिसांच्या बंदोबस्तात झाडे तोडली गेली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना ताब्यात घेतले गेले. मोह, तेंदू, साल या झाडांवर त्या गावांचा उन्हाळा निघतो. आपला उन्हाळा त्याच गावांच्या कोळशावर निघायचा आहे. ही दोन टोके मला तुमच्यासमोर जोडून ठेवायची होती.

नाबोथाची गोष्ट आपण सर्वांनी शब्बाथशाळेत ऐकली आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकविसावा अध्याय. आपण ती लोभाची गोष्ट म्हणून सांगतो. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना आमच्या एका गुरुजींनी ती वेगळ्या अंगाने वाचायला लावली. ते म्हणाले, अहाबाचा प्रस्ताव वाचा, त्यात वाईट काय आहे? जमिनीच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणतो, नाहीतर रोख किंमत देतो म्हणतो. आजच्या भाषेत पर्यायी जमीन किंवा मोबदला. नाबोथ नाही म्हणतो, कारण ती वाडवडिलांची आहे. मग ईजबेल काय करते? ती रात्री गुंड पाठवत नाही. राजाच्या नावाने पत्रे लिहिते, राजाचा शिक्का मारते, गावच्या वडीलजनांना सभा बोलवायला सांगते, दोन साक्षीदार उभे करते. सगळे कागद बरोबर, शिक्का खरा, साक्षी दोन, सभा भरलेली. अन्याय इतका नीटनेटका होता की तपासणीला कोणी आले असते तर फाइलमध्ये एकही कागद कमी सापडला नसता.

मी आमच्या भागातल्या एका खाणीच्या जनसुनावणीला गेले होते, तेव्हा हा अध्याय मला आठवत राहिला. कोणती खाण, कोणाची, ते इथे महत्त्वाचे नाही. मंडप छान होता, कूलर होते, बिसलेरीच्या बाटल्या होत्या. नियमाप्रमाणे तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात आली होती. ते वर्तमानपत्र गुड्यावर येत नाही, हा भाग वेगळा. अहवालाचा मराठी सारांश टेबलावर ठेवला होता. कोलामांची बोली कोलामी, गोंडांची गोंडी. तिथल्या म्हाताऱ्यांना बाजारापुरती मराठी येते; 'परिवेशी वायू गुणवत्ता' हे मला तरी कुठे एका दमात वाचता येते? मागच्या रांगेत बसलेले एक आजोबा बऱ्याच वेळाने उठले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, यादीत माझे नाव कुठे आहे?" अधिकारी भला माणूस होता. त्याने पाने उलटली, परत उलटली, आणि समजावून सांगितले की यादी सातबारावरून केली आहे. आजोबांच्या बापाने आणि त्यांनी ज्या जमिनीवर ज्वारी-तूर काढली ती सरकारी कागदात जंगल आहे. तेव्हा ते प्रकल्पग्रस्त नाहीत. त्यांचे घर जाणार, शेत जाणार, देवाची जागा जाणार, पण कागदावर त्यांचे काहीच जाणार नाही, कारण कागदावर त्यांचे काही नव्हतेच.

त्या दिवशी परत येताना जीपमध्ये कोणी बोलले नाही.

आता आमच्या संस्थेची भूमिका. आम्ही केंद्राच्या फाटकासमोर घोषणा द्यायला उभे राहणार नाही. ज्यांना ते योग्य वाटते ते करतात, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. संच हवा की नको हे ठरवणारी तज्ज्ञ माणसे आम्ही नव्हेत. पण ज्याच्या जमिनीखाली कोळसा आहे त्याला तो निघण्याआधी मोजले गेले पाहिजे, एवढे आम्हाला नक्की कळते. आणि ते काम खाणीची नोटीस येण्याआधी करावे लागते. नोटीस आली की उशीर झालेला असतो. कोळशासाठीची जमीन १९५७ च्या एका जुन्या कायद्याने घेता येते, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली संमतीची अट त्याला लागू नाही. उरतो तो २००६ चा वनहक्क कायदा. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की दावे तपासून निकाल लागेपर्यंत वनात राहणाऱ्या कोणालाही तिथून हटवता येत नाही. पण दावा केलेलाच नसेल तर तपासणार काय?

दावा म्हणजे काय, तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटते की एक फॉर्म भरला की झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होता, याचे किमान दोन पुरावे लागतात. आमच्या लोकांकडे कुठले कागद! पण कायदा करणाऱ्यांनी इथे शहाणपण दाखवले आहे. पुरावा म्हणून जुनी विहीर चालते, दगडी बांध चालतो, पूर्वजांच्या समाधीची जागा चालते, गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब चालतो. आणि एक गंमत ऐका. पूर्वी वनरक्षक 'अतिक्रमण केले' म्हणून दंड करायचा आणि पावती द्यायचा. काही घरांत त्या पावत्या भीतीने जपून ठेवल्या होत्या, तुळईला बांबूच्या नळकांड्यात खोचून. ज्या पावतीने त्यांना गुन्हेगार ठरवले, तीच पावती आज सांगते की हा माणूस त्या वर्षी इथे होता. एका घरात तर चार पावत्या निघाल्या. घरच्या बाईला आम्ही म्हटले, मावशी, या चार पावत्या म्हणजे तुमचा सातबारा समजा. ती आधी हसली आणि मग तिने त्या आमच्या हातून परत घेतल्या. नक्कल काढायला तालुक्याला न्यायच्या तर मी स्वतः येते म्हणाली. आली, दिवसभर दुकानात बसून राहिली, आणि मूळ कागद पदरात बांधून परत घेऊन गेली.

घरोघरच्या दाव्याशिवाय अख्ख्या गावाचा सामूहिक दावाही असतो, चराईचा, बांबूचा, मोहाचा, तलावाचा. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल जमातींपैकी एक. त्यांना त्यांच्या वस्तीच्या सबंध परिसरावरही हक्क मागता येतो. असा दावा मंजूर असला म्हणजे खाण येतच नाही असे नाही. तसे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण मग त्या आजोबांना मागच्या रांगेतून विचारावे लागत नाही. यादी त्यांच्याकडे चालत येते, ग्रामसभेपुढे ठेवावी लागते, आणि 'नाही' म्हणायला निदान पायाखाली जागा असते.

तुमच्याकडून काय हवे, ते दोन भागांत सांगते. पहिला भाग घरचा. संध्याकाळची ओढ जितकी कमी तितके नव्या संचाचे निमित्त कमी. २०२५ पासून महावितरणच्या नव्या मीटरवर दिवसाच्या, म्हणजे सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या विजेला सवलत आहे. पाण्याची मोटर, धुण्याचे मशीन, इस्त्री दुपारी उरका. त्यात पुण्य आहे की नाही माहीत नाही, पण बिल कमी येते. छतावर सौर पॅनेलसाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान आहे. आपल्या मंडळीच्या सभागृहाचे छप्पर रिकामे आहे, हे मी पंचमंडळींकडे बघूनच बोलते आहे. आणि आपले उन्हाळी मेळावे संध्याकाळी सातलाच का सुरू व्हावेत, शंभर दिवे आणि आठ लाउडस्पीकर लावून, याचाही विचार व्हावा. सकाळी सहाला देव झोपलेला नसतो.

हे सगळे केले तरी देशाची भूक भागणार नाही, हे मला कळते. मोठे काम सरकारचे आहे: सौर प्रकल्पासोबत बॅटरी, शेतीला दिवसा सौर वीज, पाणी दिवसा वर चढवून संध्याकाळी खाली सोडणारे घाटघरसारखे जलविद्युत प्रकल्प. मात्र हेही ध्यानात ठेवा, की असे प्रकल्प सह्याद्रीत उभे राहतात तिथेही आदिवासीच राहतो. कोळसा गेला म्हणजे त्याची जमीन सुटली असे होत नाही. म्हणून दाव्याचे काम कुठल्याही वाऱ्याला लागते.

दुसरा भाग संस्थेचा. आमच्या कामाच्या टापूत अकरा गुडे आहेत. सातांचे दावे कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर आहेत, चारांचे सुरूच झालेले नाहीत. गुड्यांवर माणसे शेतातून मोकळी होतात ती कापूस-तूर निघाल्यावर, तेव्हा मोजणी माघ-फाल्गुनात करावी लागते, उन्हाळा पेटायच्या आत. त्यासाठी कोलामी बोलणारी, मोबाईलवर हद्दीच्या खुणा टिपू शकणारी दोन मुले हवीत. मुले आमच्याच वसतिगृहातून बारावी झालेली आहेत, तयार आहेत. त्यांचे वर्षाचे मानधन हवे. एक जुनी मोटरसायकल चालेल. नकला काढण्याचा, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या खेपांचा खर्च आहे. आणि प्रत्येक गुड्याला एक अशा अकरा लोखंडी पेट्या, कुलपासकट. कारण गेल्या पावसाळ्यात एका घरातले जबाब उंदरांनी खाल्ले आणि ते म्हातारे साक्षीदार आता हयात नाहीत.

चादरींचा निधी वेगळा आहे, तो कमी करून हे करू नका. मागच्या टेबलावर दोन प्रकारचे फॉर्म ठेवले आहेत. पांढरा नेहमीचा. पिवळा या कामासाठी. ज्यांनी बॉयलरवर, कोळसा विभागात, वीज खात्यात नोकरी केली आहे, त्यांनी पिवळ्या फॉर्मच्या पाठीमागे आपला फोन नंबर लिहावा. पैशाइतकीच आम्हाला अशा माणसांची गरज आहे, जी तीनशे पानांचा अहवाल वाचून एका कोलाम ग्रामसभेला सांगू शकतील की त्यात काय लिहिले आहे.